नाव कळायला लागलेले पाच दिवस

मी एक जुना लूप आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. मला बाजारात जाऊन कुणी मागत नाही. वीतभर लांब ॲल्युमिनियमची दांडी, तिच्या टोकाला बोटभर तार आणि तारेच्या शेवटी मसुराच्या दाण्याएवढे गोल कडे, एवढाच माझा संसार. साबणाचे फुगे उडवायची तार तुम्ही पाहिली असेल. मी तिचा सख्खा भाऊ शोभेन. ती फुगे उडवते आणि मी जंतू उचलतो, एवढाच काय तो फरक.

मला एका पत्र्याच्या शेडमध्ये बनवले. तिथला कारागीर खिळ्याभोवती तार गुंडाळून दिवसाला चाळीस लूप वळायचा. माझ्या वेळी बहुधा त्याला शिंक आली असावी, कारण माझे कडे जरा लंबगोल झाले. त्याने मला डोळ्यांजवळ धरले, "चालतंय," असे म्हटले आणि खोक्यात टाकले. मी पुढे तीस वर्षे चाललो.

अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीला लागलो. दुसरा मजला, लांबट खोली, काळ्या दगडाचा ओटा. खिडक्या कायम बंद, कारण वाऱ्याबरोबर बाहेरचे जंतू आत येतात. कुठे लोक जेवून आजारी पडले की त्या जेवणाचे नमुने बाटल्यांत भरून आमच्याकडे येत. मग शोधायचे, की यात कोणता जंतू आहे? जंतू तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला आधी जेवू घालायचे. काचेच्या चपट्या बशांत खळीसारखे घट्ट खाद्य ओतलेले असते, त्या बशांना प्लेट म्हणतात. माझ्या कड्याने थेंबभर नमुना उचलायचा, प्लेटवर रेघा ओढायच्या आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची. एका जंतूचे दुसऱ्या दिवशी लाखो होतात. मग त्यांचा ठिपका दिसतो आणि ठिपक्याच्या रंगावरून जंतूची जात ओळखायला सुरुवात होते.

प्रत्येक वेळी नमुन्यात बुडवण्याआधी मला बर्नरच्या ज्योतीत लालभडक होईपर्यंत जाळत आणि काम झाले की पुन्हा जाळत. पहिल्यांदा जाळले तेव्हा मला वाटले, संपलो. शंभराव्या वेळी नुसते चटका बसल्यासारखे झाले. हजाराव्या वेळी काहीच वाटले नाही. ही बढाई नाही, मित्रांनो. काही वाटेनासे होणे ही बढाई मारण्यासारखी गोष्ट नाही, हे मी पुढे एका माणसाकडे पाहून शिकलो.

त्या माणसाला आमच्याकडे सगळे नुसते 'बाई' म्हणत. बाई प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ होत्या. बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला, पण हात असा स्थिर की ओट्यावरचा दगड लाजावा. मला जाळले की त्या मनातल्या मनात एक ते दहा आकडे मोजत, म्हणजे मी निवतो. त्यांच्या प्लेटवरच्या रेघा पाटीवर गिरवल्यासारख्या सरळ यायच्या. आमचे साहेब नव्या माणसांना मुद्दाम बोलावून दाखवायचे, "रेघ ओढावी तर बाईंनी." तेव्हा मला वाटायचे, अर्धे कौतुक माझे आहे.

बाईंना एक मोठी बहीण होती. बाई तिला अक्का म्हणत आणि अक्का बाईंना 'धाकटे' अशी हाक मारत. आईवडील लवकर गेले होते. अक्का नऊ वर्षांनी मोठ्या. त्यांनी शाळा सोडली, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या आणि बाईंना शिकवले. वीस वर्षांनंतरही त्या तिथेच होत्या, आता सगळे स्वयंपाकघर त्यांच्या हाताखाली होते. बाईंचा जेवणाचा डबाही अक्काच पाठवत. तो उघडला की शेजारच्या खोलीतल्या लोकांना आमच्या खोलीत काहीतरी तातडीचे काम आठवायचे.

एका सोमवारी सकाळी तपासनीस बारा बाटल्या घेऊन आला. मुलींच्या वसतिगृहात एक्केचाळीस जणी आजारी पडल्या होत्या. शनिवारी दुपारी अधीक्षिकाबाईंच्या निरोपाचे जेवण झाले होते आणि रविवारी संध्याकाळी मुलींना ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. स्वयंपाकघराला कुलूप लागले होते.

बाई बाटल्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. मग साहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"साहेब, तिथे माझी बहीण स्वयंपाक करते."

"माहीत आहे मला."

"मग हे काम मी करणं बरं दिसत नाही."

"नाहीच दिसत," साहेब म्हणाले. "पण एक जण बाळंतपणाच्या रजेवर आणि एक जागा रिकामी. उरलं कोण? नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. प्रत्येक प्लेट मी तुमच्याबरोबर बघीन, प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या. चालेल?"

"चालवून घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या.

अकरा नमुने अन्नपाण्याचे होते. भात, भाजी, पाणी आणि एका मुलीने आपल्या कपाटात जपून ठेवलेला अर्धा क्रीमचा केक. हे केक गावातल्या नावाजलेल्या बेकरीतून आले होते. बारावी बाटली मात्र निराळी होती. अक्कांच्या बोटाला सुरी लागली होती आणि त्यावर पट्टी बांधलेली होती. तपासनिसाने ती पाहिली, पट्टी सोडायला लावली आणि जखमेवर कापसाची काडी फिरवून ती बाटलीत घातली. तिच्यावर नऊ नंबर होता. पण बारा नमुन्यांत बोट एकच, त्यामुळे नंबर असून नसल्यासारखाच होता.

आता हे नीट ऐका. अन्नातून विषबाधा करणारे जंतू पुष्कळ प्रकारचे आहेत. जखमेत राहणारा एक जंतू असतो. तो अन्नात वाढला तर त्याच्या विषाने दोन-चार तासांतच उलट्या सुरू होतात. त्याचा ठिपका एका दिवसात दिसतो. दुसरा एक जंतू कच्च्या अंड्यातून वगैरे येतो. त्याने बहुधा एखाद्या दिवसाने ताप येतो. या दुसऱ्याला सालमोनेला म्हणतात. तो अन्नात अर्धमेला आणि थोडा असतो. त्याला आधी एका पातळ खाद्यात दिवसभर सावरू द्यायचे, मग दुसऱ्या खाद्यात दिवसभर वाढवायचे, मग प्लेटवर रेघा, मग ठिपके आले की त्यांची खात्री. पाच दिवस. बाईंनी कितीही घाई केली तरी पाच दिवस. जंतूला कुणी हुकूम देऊ शकत नाही.

मंगळवारी सकाळी नऊ नंबरच्या प्लेटवर पिवळे ठिपके आले. जखमेतल्या जंतूचे. बाई आणि साहेब दोघेही खाली वाकून पाहत होते.

"दिसतंय ते लिहा," साहेब म्हणाले.

"साहेब, हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात असतो. जेवणाच्या एकाही नमुन्यात तो आलेला नाही. शिवाय त्या मुलींना उलट्या नाहीत, ताप आहे आणि तोही दुसऱ्या दिवशी. हे जुळत नाही."

"मलाही जुळत नाही. पण न जुळणं हा काही निष्कर्ष नव्हे. बाकीच्या प्लेटा येईपर्यंत दिसतंय तेवढंच लिहायचं."

बाईंनी लिहिले, की नमुना नऊमध्ये जखमेतल्या जंतूची वाढ आढळली. त्याखाली लिहिले, की अन्नाच्या कोणत्याही नमुन्यात हा जंतू आढळला नाही आणि तपासणी चालू आहे. दोघांनी सह्या केल्या. कागद तपासनिसाकडे गेला. दुसरे वाक्य कुणीही वाचले नाही. बुधवारच्या वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आले, 'स्वयंपाकिणीच्या बोटात जंतू!'

बुधवारी दुपारी बाई सहा नंबरच्या नमुन्याच्या रेघा ओढायला बसल्या होत्या. मी ज्योतीत होतो. दाराच्या काचेवर कुणीतरी टकटक केले. अक्का होत्या. हातात घडी घातलेले वर्तमानपत्र. बाईंनी मला हातात तसेच धरून दार थोडे उघडले.

"अक्का, आत येऊ नकोस."

"नाही येत. यात लिहिलंय ते तू लिहिलंस?"

"मी तसं नाही लिहिलं."

"सही तुझी आहे?"

"हो."

अक्कांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली. "सकाळी मला काढून टाकलं. सामान आणायला गेले तर पोरींच्या आया दारात उभ्या. एक म्हणाली, तुमच्या सख्ख्या बहिणीनंच लिहून दिलंय, आता काय सांगता?"

"अक्का, दोन दिवस थांब. दोनच दिवस. अजून तपास पुरा व्हायचाय."

"तपास राहू दे. तुला काय वाटतं ते सांग. माझ्यामुळे झालं?"

बाईंना पुष्कळ काही वाटत होते. पण तपास चालू असताना ज्याचा नमुना असेल त्याच्याशी एक अक्षर बोलायचे नाही, असा नियम होता आणि साहेब मागे टेबलाशी बसले होते.

"मला आत्ता काही बोलता येत नाही," बाई म्हणाल्या.

"बरं," अक्का म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

बाई परत ओट्याशी येऊन बसल्या. मी केव्हाच निवलो होतो, तरी त्यांनी मला पुन्हा जाळले आणि मोजू लागल्या. दहापर्यंत थांबल्या नाहीत. चाळीस झाले, पन्नास झाले. मला वाटले होते त्यांचा हात थरथरेल. तो थरथरला नाही. त्यांनी मला सहा नंबरच्या नळीत बुडवले आणि प्लेटवर रेघा ओढल्या, नेहमीसारख्या सरळ. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ज्योतीत जळून जळून माझे जे झाले होते, ते बाईंचे पाच मिनिटांत झाले होते.

गुरुवारी सकाळी सहा नंबरच्या लाल प्लेटवर ठिपके आले. प्रत्येकाच्या मधोमध काळा डोळा. भात, भाजी, पाणी, सगळ्यांच्या प्लेटा स्वच्छ. सहा नंबर म्हणजे केक.

"साहेब, बेकरी बंद करायला सांगा," बाई म्हणाल्या.

"काळा डोळा दुसऱ्याही एका जंतूला येतो. खात्री नसताना एका चालत्या बेकरीला टाळं लावलं आणि उद्या ते चुकलं तर? एकदा त्या कागदानं काय झालं ते बघितलंत ना? उद्यापर्यंत थांबू."

साहेब वाईट माणूस नव्हते. आदल्याच दिवशी अर्धवट कागदाने अक्कांचे वाटोळे झालेले त्यांनी पाहिले होते आणि आता ते अर्धवट कागदाला घाबरत होते. बाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी मला जाळले, एक ठिपका उचलला आणि खात्रीच्या नळ्या भरल्या.

शुक्रवारी तीन वाजता बाईंनी काचपट्टीवर त्या जंतूत औषधाचा थेंब मिसळला. औषध बरोबर त्याच जंतूचे असेल तर थेंब दुधासारखा फाटतो आणि त्यात दाणे पडतात. दाणे पडले. सालमोनेला. पाच वाजता बेकरीला कुलूप लागले आणि साडेपाच वाजता वसतिगृहाला पत्र गेले, की स्वयंपाकघर आणि तिथले कर्मचारी यांचा काही दोष आढळला नाही.

पण त्या चार दिवसांत बेकरी चालूच होती. तिच्याकडे कुणी वाकड्या डोळ्याने पाहिलेसुद्धा नव्हते, कारण गुन्हेगार सापडल्याचे सगळ्यांनी पेपरात वाचले होते. गावातले आणखी अकरा जण आजारी पडले. दहा बरे झाले. अकरावी चार वर्षांची मुलगी होती. ती रविवारी गेली.

तिने केक कधी खाल्ला ते तपासनिसाच्या अहवालात आले. बुधवारी संध्याकाळी. बाईंनी ती ओळ वाचली आणि कागद जागेवर ठेवला. बुधवारी दुपारी तो जंतू माझ्या टोकावर होता, मित्रांनो. बाईंच्या हातात होता. फक्त त्याचे नाव अजून कुणाला माहीत नव्हते.

बाई रडल्या नाहीत. कामाला आल्या, वेळेवर आल्या. साहेबांनी रजा घ्यायला सांगितली तर म्हणाल्या, "घरी तरी काय करू?" डबा आता त्या स्वतःच करून आणत. एकदा शेजारच्या खोलीतल्या माणसाने त्यातली भाजी चाखली आणि म्हणाला, "बाई, यात मीठच नाही." बाईंनी आणखी एक घास खाऊन पाहिला. "हो का?" म्हणाल्या. तो डबा त्यांनी जवळपास संपवला होता.

अक्का वसतिगृहात परत गेल्या नाहीत. पत्रानंतर तिथून बोलावणे आले होते, पण तोवर दुसरी माणसे लागलेली होती आणि यांना भाजी निवडायला या म्हणाले. अक्कांनी एका शिंप्याकडे काजे करायचे आणि बटणे लावायचे काम धरले. बाई दोनदा त्यांच्या घरी गेल्या. दोन्ही वेळा अक्कांनी पाणी दिले, बस म्हणाल्या नाहीत आणि जा म्हणाल्या नाहीत. तिसऱ्यांदा बाई गेल्या नाहीत.

अशी तेरा वर्षे गेली.

या वर्षांत बाईंनी एकच हट्ट धरला. दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळांत एक यंत्र आले होते. जंतू वाढून ठिपका दिसायची ते वाट पाहत नाही. जंतूच्या अंगात त्याच्या जातीची एक खूण असते, ती खूण ते शोधते आणि तिच्या लाखो प्रती काढून दाखवते. नमुना रात्रभर खाद्यात ठेवला की सकाळी दोन तासांत उत्तर. पाच दिवसांचे काम एका दिवसात. बाई दर वर्षी अर्ज लिहीत. दर वर्षी वरून उत्तर येई, की पुढील वर्षी विचार करू. बाई ते उत्तर फाइलला लावत आणि पुढचा अर्ज लिहीत. साहेब निवृत्त झाले, नवे साहेब आले, त्यांनाही पहिल्याच दिवशी अर्ज मिळाला. नवे साहेब म्हणाले, "बाई, वरती तुम्हाला आता याच नावानं ओळखतात. मशीनवाल्या बाई."

अकराव्या वर्षी यंत्र आले. बसवायला आलेला तरुण म्हणाला, "एकदम सोपं आहे, फक्त बटण दाबायचं." ते बटण कसे दाबायचे हे शिकवायला त्याला चार दिवस लागले. पहिल्या दोन वेळा यंत्राने स्वच्छ पाण्यातही जंतू आहे म्हणून सांगितले, कारण बाईंच्याच हातमोज्याला लागलेला कण आत गेला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे हे यंत्र पण खोटं बोलू शकतं. बरं झालं, आधीच कळलं." तेव्हापासून प्रत्येक तपासणीत एक नळी नुसत्या पाण्याची असे. ती बोलली, की सगळे फेकून पहिल्यापासून.

मला आता फारसे काम उरले नाही. निळ्या प्लॅस्टिकचे लूप आले, एकदा वापरून फेकायचे. त्यांना जाळावे लागत नाही. मी एका चिरा पडलेल्या मगात, वाळलेल्या पेनांच्या सोबतीने उभा राहिलो. माझ्यावर धूळ बसली. वाईट वाटले का? खरे सांगायचे तर फार नाही.

मग एक दिवस सकाळी दहा वाजता कपड्यांच्या एका कारखान्यातून नमुने आले. कँटीनमध्ये जेवून नव्वद कामगार आजारी पडले होते. तपासनीस आता दुसरा होता, पण बोलणे तेच. "कँटीनचा आचारी आठवडाभर खोकत होता म्हणे. लोक चिडलेत. त्याला व्यवस्थापकाच्या खोलीत बसवून ठेवलंय, बाहेर सोडलं तर मार खाईल. त्याच्या घशाचा नमुना घेऊन येऊ का?"

"आधी मला जेवण तपासू द्या," बाई म्हणाल्या. "आणि त्याचं नाव कुठे छापून येता कामा नये."

त्यांनी नमुने खाद्यात घातले, कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला येऊन यंत्र लावले. आठ वाजता पडद्यावर एक रेघ वर चढू लागली. बाकीच्या सगळ्या आडव्या, पाण्याची नळीसुद्धा गप्प. चढलेली रेघ कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या सॉसची होती. तो बाटल्यांत भरून बाहेरून येत असे. बाईंनी तिथूनच फोन लावला. "सॉस. सालमोनेला. तो आणखी कुठे कुठे जातो ते शोधा, आत्ता."

तो आणखी चार ठिकाणी जात होता. दहाच्या आत चारही ठिकाणच्या बाटल्या उचलल्या. त्यांतली एक जागा म्हणजे वृद्धाश्रम. तिथे बाटल्या दुपारच्या जेवणासाठी टेबलांवर मांडून झाल्या होत्या. त्या नव्वदांत नवा एकही माणूस वाढला नाही. कुणीही दगावले नाही.

यंत्र जंतूचे नाव सांगते, पण कामगारांच्या पोटातला आणि बाटलीतला जंतू एकाच घरचा आहे का, हे पाहायला जिवंत जंतू लागतोच. निळे लूप नेमके संपले होते. बाईंनी मगात हात घातला, मला बाहेर काढले, पुसले आणि ज्योतीत धरले. एक ते दहा मोजले. रेघा सरळ आल्या.

दुपारी कँटीनचा आचारी प्रयोगशाळेच्या दाराशी आला. उंच, खांदे पडलेला माणूस. "कारखान्याचे साहेब म्हणाले, कागद इथून मिळतो."

"कागद तपासनिसांकडे गेला," बाई म्हणाल्या. "पण तुमचं काही चुकलेलं नाही. दोष बाहेरून आलेल्या बाटलीत होता. तुमच्या हातचं सगळं जेवण स्वच्छ निघालं."

"सगळं?"

"सगळं."

तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि बराच वेळ तिथून उठलाच नाही. बाई दाराच्या काचेतून त्याला पाहत राहिल्या. मग त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली. त्याच आठवड्यात भंगारात काढायच्या वस्तूंच्या यादीत माझे नाव लागले होते. बाईंनी साहेबांना विचारून मला घेतले, उकळत्या पाण्यातून काढले, पुसून चष्म्याच्या डबीत ठेवले आणि डबी पर्समध्ये टाकली.

अशा रीतीने मी पहिल्यांदा अक्कांच्या घरी गेलो. एक खोली, खिडकीशी शिवणाचे सामान, शर्टांचा ढीग. अक्का म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी पाणी दिले. बाई उभ्यानेच सांगू लागल्या. कारखाना, आचारी, सॉस, एक दिवस. सांगताना आवाजात चढउतार नव्हता, अहवाल वाचल्यासारखे सांगितले. अक्का काजे करत ऐकत होत्या.

"म्हणजे आता एका दिवसात कळतं," अक्का म्हणाल्या.

"हो."

"चांगलं झालं."

"अक्का, तेव्हा मी ती सही करायला नको होती."

"का? खोटी होती?"

"नाही. जंतू होते तुझ्या बोटात. पण ते कितीतरी जणांच्या अंगावर असतात. माझ्या, साहेबांच्या, त्या तपासनिसाच्यासुद्धा."

अक्कांनी सुई कापडात खोवली आणि पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिले. "मग सगळ्यांची बोटं का नाही घेतली? केक वाटायला अधीक्षिका होती, तिच्या मैत्रिणी होत्या. बेकरीवाला होता. माझंच एक का?"

तेरा वर्षे बाईंनी पाच दिवसांचा एक दिवस करायला घालवली होती आणि हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्या खाली बसल्या. चष्मा काढला. रडल्या का, ते मला डबीतून दिसले नाही. फक्त भांडी सरकवल्याचा आवाज आला.

"हात धुऊन घे," अक्का म्हणाल्या. "वाढते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रयोगशाळेच्या नियमांच्या वहीत एक ओळ लिहिली आणि साहेबांची सही घेतली. अन्नाला हात लागलेल्या प्रत्येक माणसाचा नमुना घ्यावा किंवा एकाचाही घेऊ नये. ती ओळ अजून पाळतात, असे बाई सांगतात. त्या आता निवृत्त झाल्या आहेत आणि बहुतेक दिवस इथे, अक्कांच्या घरीच असतात.

मीही इथेच असतो. अक्कांनी मला पाहून विचारले, "हे कशाचं?" आणि बाईंनी सांगितल्यावर म्हणाल्या, "नाडी ओवायला बरं आहे." तेव्हापासून मी नाड्या ओवतो. मला कुणी जाळत नाही. अक्कांच्या हातातली ऊब मला अजून नीट जाणवत नाही, पण कधी कधी काहीतरी लागल्यासारखे वाटते.

मित्रांनो, जेवणाआधी हात साबणाने धुवा, अंडी नीट शिजवा, उरलेले अन्न झाकून गार जागी ठेवा. हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो, कारण ते खरे आहे. पण मी एक जास्तीची विनवणी करतो. कुणी आजारी पडले की लोक कारण शोधण्याआधी माणूस शोधतात आणि जो समोर सापडतो, ज्याच्या हाताला पट्टी असते, जो खोकत असतो, तोच त्यांना पुरतो. तेव्हा तुम्ही विचारा, बाकीच्यांचे तपासले का? मोठ्याने विचारा. यंत्राला एक दिवस लागतो, मला पाच लागायचे. हे विचारायला तर एक क्षण पुरतो आणि तो कुणी काढला असता, तर लोकांनी बेकरीकडेही संशयाने पाहिले असते आणि त्या बुधवारी संध्याकाळी चार वर्षांच्या एका मुलीला केक आणायला तिच्या घरचे कुणी त्या बेकरीत गेलेही नसते.